नसीमाआपांचा संशय

विद्यापीठात आमचा वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. एका सरांनी फळ्यावर एका गावाची माहिती लिहिली आणि सांगितलं, "या गावात लस न मिळालेलं एकही मूल राहिलेलं नाही." आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं. दाराजवळच्या बाकावरून एक शांत आवाज आला, "सर, मोजायला गेले तेव्हा गावात कोण नव्हतं?"

सरांना प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे वीटभट्टीवर गेलेले, ऊस तोडायला गेलेले. लेकरं घेऊनच जातात ते. ती लेकरं ह्यात हायत, का घराला कुलूप दिसलं म्हणून सोडून दिली?"

सर फळ्याकडे वळले. मग "बघावं लागेल" असं म्हणून पुढं गेले. मी वळून पाहिलं. पस्तिशी ओलांडलेली, सावळी, उंच बाई. काळा बुरखा बाकाच्या पाठीवर घडी घालून ठेवलेला. समोर वही होती, पण तिनं त्या वाक्यातलं अक्षरही उतरवलेलं नव्हतं.

त्या डॉ. नसीमा. लातूरच्या. सगळा वर्ग त्यांना लवकरच आपा, म्हणजे ताई, म्हणायला लागला.

नांदेडला सार्वजनिक आरोग्याची ही पदव्युत्तर पदवी तेव्हा नवीन होती. आम्ही आठ-दहा जण होतो. कुणाला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली नव्हती, कुणाला एखाद्या संस्थेत नोकरी मिळेल अशी आशा होती. मी आयुर्वेदाची पदवी घेऊन घरी लोह्याला बसून होते. दवाखाना टाकायची ऐपत नव्हती आणि लग्न लांबवायचं होतं, म्हणून आले होते. आमची प्रत्येकाची कारणं अशी उघड होती. आपांचं कारण मात्र कुणाला कळत नव्हतं. युनानी डॉक्टर, लातूरला चालता दवाखाना, नवरा शाळेत शिक्षक. सोमवारी नांदेडला येणार, शनिवारी परत जाणार. असलं कष्टाचं काम ह्या वयात कशासाठी?

विचारलं की दरवेळी वेगळं उत्तर. एकाला म्हणाल्या, "दवाखान्यात बसून कंटाळा आला." दुसऱ्याला म्हणाल्या, "पोरं मोठी झाली." त्यामुळं संशय वाढत गेला. कुणी म्हणायचं, ह्यांना राजकारणात जायचंय. कुणी म्हणायचं, विभागप्रमुखांनी आमच्यात पेरलेली बाई आहे, तोंड सांभाळून बोला. मी ह्या गप्पांत पुढं नव्हते, पण कान बंदही केले नव्हते.

खरं तर आपा स्वतःच इतक्या संशयी होत्या की लोकांना त्यांच्यावर संशय येणं साहजिक होतं. "कोण बोललं? तुम्ही पाहिलं का?" हे त्यांचं पालुपद. बस साडेदहाला आहे असं कुणी सांगितलं तर विचारायच्या, "पाटीवर लिहिलंय, का रोज सुटते?" खोलीत शिरल्या की आधी भिंती आणि छत बघायच्या आणि दाराजवळ बसायच्या. भूकंपानंतर लातूरच्या पुष्कळ लोकांना ही सवय लागली होती, पण बाकीच्यांची काही वर्षांत गेली. आपांची गेली नव्हती.

भूकंप झाला तेव्हा त्या नुकत्याच डॉक्टर झाल्या होत्या. पडलेल्या गावांतल्या लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, तिथं त्या काही महिने औषधं वाटायला जात. तिथली एक गोष्ट त्यांनी एकदा डबा खाताना सांगितली. बाहेरून एक मोठे साहेब पाहणीला आले. शेडच्या मागं नवे संडास बांधलेले होते. साहेबांनी बायकांना विचारलं, संडास वापरता ना? सगळ्या बायका म्हणाल्या, हाव. साहेब खूश होऊन गेले. आपा मागं जाऊन बघतात, तर प्रत्येक संडासात सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या. वर ताडपत्री घातलेली.

"मग तुम्ही त्यांना बोललात?" मी विचारलं.

"एका आजीला विचारलं, खोटं कशाला बोलली? तर म्हणाली, माय, एवढ्या लांबून आला बिचारा, न्हाई कसं म्हणू?" आपा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबल्या. "तवापासून मला गोड बोलणाऱ्याचा जास्त संशय येतो, सुनंदा."

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय घ्यायचा होता. आपांनी घेतला तो लातूरच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांमधली कावीळ. त्या काळात लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती सगळ्या मराठवाड्यात पसरली होती. दहावी झाली की पोरगं लातूरला. किनवट, माहूर, देगलूर, कुठूनकुठून मुलं यायची. गल्लीगल्लीत तीन मजली इमारती उभ्या राहत होत्या, एकेका खोलीत चार चार खाटा, खाली मेस. आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर मुलं पिवळी पडायची. शिकवणी बुडेल म्हणून सांगायची नाहीत. पालकांना कळेपर्यंत निम्मी बरी झालेली असायची, आणि एखादं फार आजारी.

मार्गदर्शक सरांनी आपांच्या मदतीला मला दिलं. सर म्हणाले, आजारी मुलांना गाठा, माहिती घ्या, झालं. आपा म्हणाल्या, "न्हाई सर. जी आजारी पडली न्हाईत त्यांनाही तेच सगळं विचारायचं. न्हाईतर आजाऱ्यांचं वेगळं काय होतं ते कसं कळणार?" आणि आणखी एक अट त्यांनी घातली. आज कुठं राहतोस हे विचारायचं नाही, महिना-दीड महिन्यापूर्वी कुठं राहत होतास, कुठलं पाणी पीत होतास, ते विचारायचं. कावीळ अंगात शिरल्यावर दिसायला तेवढा वेळ घेते, आणि लातूरची पोरं सारखी खोल्या बदलत असतात.

मग दर शनिवारी आम्ही दोघी नांदेडहून लातूरची एसटी धरायचो. रात्रीचा मुक्काम आपांच्या घरी. हे ऐकून माझी आई धास्तावली. बस लोह्यावरूनच जाते. पहिल्या शनिवारी आई डबा घेऊन लोह्याच्या स्टँडवर उभी होती. डबा माझ्या हातात दिला, पण नजर आपांवर.

"तुमचं घर कुठं आलं म्हणायचं?"

आपांनी गल्ली सांगितली, शेजारी कोण राहतं ते सांगितलं, नवऱ्याची शाळा सांगितली.

"घरात कोण कोण हाय?"

तेही सांगितलं. आई खिडकीचा गज धरून उभीच. मग म्हणाली, "आमची पोरगी वशट खात न्हाई."

"तिच्यासाठी वेगळी भांडी काढून ठेवलीत," आपा म्हणाल्या. "पण तुम्ही माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. एकदा स्वतः या आणि बघून जा."

बस सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपा मात्र खुशीत होत्या. "चांगली बाई हाय तुझी आई," म्हणाल्या. "नीट विचारते."

पुढच्या महिन्यात आई खरोखरच आली, घर पाहिलं, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली, आणि जाताना आपांना शेवग्याच्या शेंगा देऊन गेली.

लातूरमध्ये मात्र दारं उघडेनात. वसतिगृहाचे मालक म्हणायचे, आमच्याकडे कावीळ नाहीच. मेसवाले म्हणायचे, बाहेरचं खातात पोरं. आम्ही पाणी तपासायला छोट्या बाटल्या नेत असू. पाण्यात संडासाची घाण असेल तर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी काळं पडतं. बाटली पिशवीतून काढली की समोरच्याचा चेहरा बदलायचा. आम्ही गेलेल्या बऱ्याच ठिकाणच्या बाटल्या कमीजास्त काळ्या पडल्या. नुसत्या बाटल्यांवरून काही ठरत नव्हतं.

एका मोठ्या शिकवणीच्या व्यवस्थापकानं मला एकटीला बोलावून घेतलं. आपा तेव्हा वरच्या मजल्यावर मुलांशी बोलत होत्या. माणूस अगदी सभ्य होता. चहा मागवला. म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून सांगतो. ह्या डॉक्टरीणबाईंचा सख्खा भाऊ होस्टेल चालवतो, माहीत आहे का? बाकीच्यांचं पाणी खराब ठरलं तर पोरं कुणाकडं जातील, तुम्हीच विचार करा."

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या घरी कितीतरी रात्री राहिले होते, त्यांच्या भावाला इक्बालभाईंना भेटले होते. गोरे, ठेंगणे, हसतमुख गृहस्थ. येताना माझ्यासाठी फरसाण आणायचे. बांधकामाचा धंदा आहे एवढंच मला ठाऊक होतं. होस्टेलबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि आम्ही एवढी वसतिगृहं पालथी घातली, त्यात त्यांचं नव्हतं.

चहा तसाच राहिला. त्या दिवशी मी आपांशी मोजकंच बोलले. सगळं नव्यानं डोळ्यांसमोरून जात होतं: वेगवेगळी उत्तरं, दवाखाना सोडून येणं, मला बरोबर घेणं. एक लोह्याची साधी पोरगी सोबत असली की कुणी शंका घेणार नाही, असा हिशेब तर नसेल? संध्याकाळी आपा त्यांच्या गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, तिथं मी सरळ विचारलं, "आपा, इक्बालभाईंचं होस्टेल आहे?"

"हाव."

"मग आपण तिथं का गेलो नाही?"

त्यांनी हातातली चादर घडी केली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखा भाव होता. "मी वाट बघून राहिले होते तू कधी विचारतेस त्याची. खाली बस."

मग त्यांनी सांगितलं. वडील लवकर गेले. इक्बालभाईंनी स्वतःचं शिक्षण सोडून बहिणीला डॉक्टर केलं. भूकंपात त्यांचं दगडी घर तडकलं, ते पाडून भाईंनी त्याच जागेवर स्लॅबची इमारत बांधली आणि पोरं ठेवली. कुणी पोरगं आजारी पडलं की बहिणीच्या दवाखान्यात पाठवायचे, फी घेऊ नको म्हणायचे. एका वर्षी किनवटकडचा एक मुलगा आला. डोळे हळदीसारखे. आपांनी आराम कर म्हणून सांगितलं, तो उठून शिकवणीला जात राहिला. मग कावीळ मेंदूत गेली. मोठ्या दवाखान्यात हलवलं, पण वाचला नाही.

"त्याच्या बापानं मला विचारलं, बाई, ह्याला हे कशानं झालं? आणि मी म्हणाले, बाहेरचं खाल्लं असंल." आपा खाली गल्लीकडं बघत होत्या. "मला काहीच माहीत नव्हतं, सुनंदा. तरी मी बोलले. आणि त्या माणसानं मान हलवली. पोराचीच चूक होती असं समजून गेला तो."

त्यानंतर त्या आठवायला लागल्या. काविळीची पोरं आपल्याकडं येतात त्यात भाईच्या होस्टेलची जास्त का? पण लगेच दुसरी शंका: भाई आपली पोरं माझ्याकडंच पाठवतो, म्हणून तीच मला जास्त दिसत असतील. बाकीच्या होस्टेलची पोरं दुसऱ्या डॉक्टरांकडं जात असतील. म्हणजे मी विनाकारण भावावर संशय घेऊन राहिलेय, का खरंच तसं आहे, हे दवाखान्यात बसून कळायला मार्ग नव्हता. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला सोडून दे. एका सरकारी डॉक्टरांनी सांगितलं, ह्याचं शास्त्र असतं, ते शिकवतात.

"म्हणून मी नांदेडला आले. आता हे वर्गात कुणाला सांगू?"

"मग मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू भाईच्या होस्टेलात काविळीच शोधत बसली असतीस. तिथं मी येणार न्हाई. तू एकटी जा आणि जसं बाकीच्या ठिकाणी विचारलं तसंच विचार. मी गेले तर मला काय दिसंल त्याचा भरवसा न्हाई."

मी गेले. इक्बालभाईंनी सगळ्या खोल्या उघडून दिल्या. "घरचंच काम हाय बेटा," म्हणाले. लातूरमध्ये एवढ्या मोकळेपणानं मला कुणीच आत घेतलं नव्हतं, आणि मला मनातून वाटत होतं की इथं काही निघू नये.

सगळी माहिती एकत्र केली तेव्हा निघालं. आजारी पडलेली मुलं आता वेगवेगळ्या इमारतींत राहत होती, वेगवेगळ्या डॉक्टरांकडं गेली होती. पण महिना-दीड महिन्यापूर्वी कुठं होतात असं विचारल्यावर त्यातली बरीच मुलं इक्बालभाईंचं नाव सांगत होती. आजारी न पडलेल्यांत ते नाव क्वचित. आपांनी ते पुन्हा तपासलं, मला पुन्हा तपासायला लावलं, मग मार्गदर्शक सरांकडून तपासून घेतलं. त्यानंतर त्या भावाकडं गेल्या. मी बरोबर होते.

भाई हसले. "माझी बोअर हाय ती. जमिनीतलं पाणी. त्यात कुठून येणार घाण?"

"तुमचा सेप्टिक टँक बोअरपासून किती लांब हाय, भाईजान?"

"प्लॉटच तेवढा हाय, नसीमा. आब्बांनी तेवढाच ठेवला."

आपांनी सुचवलं, पाण्याचा माग काढायचा एक रंग असतो, हिरवा. निरुपद्रवी. तो संडासात टाकू. नळाला आला तर आला, नाही तर मी चुकले. भाईंनी लगेच होकार दिला. आपांनी एकच अट घातली: गच्चीवरच्या टाकीला भाईंनीच कुलूप लावायचं आणि किल्ली त्यांनीच ठेवायची.

रंग टाकून आम्ही नांदेडला परत गेलो. पुढच्या शनिवारी दुपारी त्या इमारतीच्या अंगणात आलो तेव्हा पाच-सहा मुलं नळाभोवती उभी होती. भाईंनी त्यांना बाजूला केलं, स्टीलचा तांब्या नळाखाली धरला आणि पाणी पांढऱ्या बादलीत ओतलं. पाणी फिकट हिरवं होतं. उन्हात तर ते चमकत होतं. एक मुलगा म्हणाला, "कालपासून असंच येऊन राहिलंय, अंकल."

भाईंनी वाकून बादलीत पाहिलं. मग बहिणीकडं वळून म्हणाले, "टाकीत तूच रंग टाकला असशील."

"असा संशय येणारच," आपा म्हणाल्या. "किल्ली कुणाकडं हाय?"

भाईंचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी बादली उचलून मोरीत रिकामी केली आणि आत गेले. दार लोटून घेतलं. आपा अंगणात उभ्या होत्या. त्या मागं गेल्या नाहीत.

प्रबंधात कुठल्याच वसतिगृहाचं नाव नव्हतं. पण हिरवं पाणी मुलांनी पाहिलं होतं. गोष्ट शिकवण्यांत पसरली, पालक आले, खाटा रिकाम्या झाल्या. ज्यांच्याकडच्या बाटल्या आमच्यासमोर काळ्या पडल्या होत्या, त्या मालकांनीच सगळ्यात मोठ्यानं बोंब मारली. भाईंनी बोअर बंद केली, नवा टँक लांब खणायला जागा नव्हती, शेवटी इमारत भाड्यानं गोदामाला दिली. बहिणीशी बोलणं टाकलं. ईदला आपांनी मुलांच्या हाती शीरखुर्मा पाठवला, तो परत आला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. मीही मागं बसले होते. आपांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं की अभ्यासातल्या एका वसतिगृहाचे मालक माझे भाऊ आहेत. परीक्षकांनी चष्मा काढला. "भावाबरोबर मालमत्तेचा काही वाद आहे का?"

आमच्या सरांनी मान खाली घातली. आपा म्हणाल्या, "न्हाई सर. पण हा प्रश्न तुम्ही विचारायलाच पाहिजे होता. त्या इमारतीतली माहिती मी घेतलेली न्हाई, हिनं घेतलीय. मला बाहेर पाठवा आणि हिला विचारा."

त्या बाहेर गेल्या. मी जे पाहिलं ते सांगितलं.

निकाल चांगला लागला. आम्ही विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसलो. मी विचारलं, "जे शोधायला आलात ते सापडलं. बरं वाटतंय?"

"न्हाई," आपा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "किनवटला जाऊन आले मी मागच्या आठवड्यात. त्या बापाला सांगितलं, पोराची चूक नव्हती. पाण्यानं झालं असावं."

"काय म्हणाले ते?"

"त्यानं विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं?"

मला पुढं नांदेडलाच एका संस्थेत काम मिळालं. आपांना एका शिकवणीवाल्यानं आरोग्य सल्लागार म्हणून बोलावलं, मोठ्या फलकावर त्यांचा फोटो लावणार होता. त्यांनी नकार दिला आणि पुन्हा आपल्या दवाखान्यात बसायला लागल्या. मात्र पावसाळा संपला की त्या वसतिगृहांच्या दारांत उभ्या दिसायच्या, असं लोक सांगत. कुणी त्यांना आत घ्यायचं, कुणी कुत्रं सोडायचं.

काही वर्षांनी कामासाठी लातूरला गेले तेव्हा सकाळी त्यांच्या दवाखान्यात डोकावले. बाकावर आठ-दहा पेशंट. आपांनी हातानंच मला आत बसायला खुणावलं. तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर कुणीतरी चपला काढल्या. इक्बालभाई होते. केस पांढरे झालेले, अंग सुटलेलं, चालताना भिंतीला हात. ते कुणाशी न बोलता बाकाच्या टोकाला बसले.

आपांनी त्यांना पाहिलं. हाक मारली नाही. पुढच्या पेशंटला बोलावलं, मग त्याच्या पुढच्याला. भाईंचा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, "या."

ते खुर्चीवर बसले. "चक्कर येऊन राहिलीय," एवढंच म्हणाले. आपांनी त्यांच्या दंडावर बीपीचा पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिल्या. भाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"जास्त हाय," आपा म्हणाल्या.

"किती?"

त्यांनी सांगितलं. भाईंनी दुसऱ्या हाताची बाही वर करायला सुरुवात केली. "इकडच्या हातावर बघ एकदा."

आपांनी पट्टा सोडला, उठून टेबलाला वळसा घातला आणि दुसरा हात आपल्या हातात घेतला.